बॉम्बे ग्रीन ते हॉर्निमन सर्कल : एका मोकळ्या जागेची साडेतीनशे वर्षे

मुंबईसारख्या जागेला भुकेल्या शहरात एखादा मोकळा तुकडा साडेतीनशे वर्षे मोकळाच राहिला, ही साधी गोष्ट नाही. फोर्टमधल्या हॉर्निमन सर्कलच्या बाबतीत ती घडली आहे. पूर्वेला टाउन हॉल, पश्चिमेला सेंट थॉमस कॅथीड्रल, दोहोंच्या मध्ये गोल बाग आणि बागेभोवती कमानींच्या इमारतींचे कडे. ही रचना एका माणसाच्या डोक्यातून एका दिवसात निघालेली नाही. किल्ल्याचे पटांगण, कापसाचा बाजार, पुतळ्याचा चौक, दलालांचा अड्डा, उकिरडा, व्यापारी वर्तुळ आणि सार्वजनिक बाग अशी रूपे या जमिनीने एकामागून एक घेतली. त्या प्रत्येक टप्प्यावर जागा कशी बदलली, कोणामुळे बदलली आणि तरीही मोकळी कशी राहिली, याचा हा आढावा. मुंबईतल्या उरलेल्या मोकळ्या जागांचे काय करायचे, हा प्रश्न आज पुन्हा समोर असताना या जागेचा इतिहास उपयोगी पडेल असे मला वाटते.

किल्ल्यापुढचे पटांगण

या जागेचा जन्म बॉम्बे कॅसलशी जोडलेला आहे. आजच्या टाउन हॉलच्या मागे, बंदराच्या काठावर, सोळाव्या शतकात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाचे घर होते. १६६५ मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात आले, १६६८ मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले आणि त्या घराभोवती कॅसलची तटबंदी वाढत गेली. तोफांचा मारा अडू नये म्हणून किल्ल्यापुढची जमीन मोकळी ठेवण्याची तेव्हाची रीत होती. या पटांगणाचे, म्हणजे बॉम्बे ग्रीनचे, बीज तिथेच पडले असावे.

गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने सुरतेहून आणि इतर ठिकाणांहून व्यापाऱ्यांना मुंबईत बोलावले, त्यांना आपापला धर्म पाळण्याची हमी दिली आणि पटांगणाच्या कडेला एका चर्चचा पाया घातला. १६७६ च्या सुमारास सुरू झालेले हे काम भिंती काही फूट वर आल्यावर थांबले आणि सुमारे चाळीस वर्षे तसेच पडून राहिले. १७१४ मध्ये मुंबईत आलेल्या रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणी गोळा करून ते पुन्हा हाती घेतले. १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडले; तेच आजचे सेंट थॉमस कॅथीड्रल.

त्याच सुमारास, चार्ल्स बून गव्हर्नर असताना, वस्तीभोवती तट उभा राहिला. त्याला तीन दरवाजे होते : दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बझार गेट आणि चर्चकडे येणाऱ्या रस्त्यावर चर्च गेट. तट पाडून दीडशेहून अधिक वर्षे झाली, पण पश्चिम रेल्वेच्या शेवटच्या स्थानकाचे नाव आजही चर्चगेट आहे. एकोणिसाव्या शतकात शहरात रोवलेल्या मैलाच्या दगडांवर अंतर मोजले जाई तेही याच चर्चपासून. मुंबईचा शून्य बिंदू या पटांगणाच्या कडेला होता. त्यांतले काही दगड रस्त्यांच्या थरांखालून पुन्हा बाहेर काढले गेले असून आता ते वारसा म्हणून जपले जात आहेत.

दोन वस्त्यांची शिवण

तटाच्या आतले शहर चर्च गेटच्या रस्त्याने दुभागलेले होते. दक्षिणेकडे इंग्रजांची घरे आणि कचेऱ्या, तर उत्तरेकडे बझार गेटच्या बाजूला पारशी, गुजराती आणि इतर देशी व्यापाऱ्यांची दाट वस्ती. ग्रीन या दोहोंच्या मध्ये होते. युरोपीय आणि देशी असा भेद पाळणाऱ्या शहरात दोन्ही बाजूंच्या लोकांना रोज जिथे यावेच लागे, अशा थोड्या जागांपैकी ही एक. पुढे या चौकाचे जे काही झाले, त्याचे मूळ या मधल्या स्थानात आहे.

लोकांना इथे आणले ते मुख्यतः कापसाने. गुजरात आणि काठेवाडातून गलबतांनी आलेला कापूस बंदरावर उतरे आणि ग्रीनवर रचला जाई. जहाजात जागा कमी लागावी म्हणून तो दाबून त्याच्या गाठी बांधत. त्यासाठीचे दाबयंत्र माणसांच्या जोरावर फिरे. बंदरावरची ही ओझी वाहण्यासाठी कोकणातून आणि घाटावरून माणसे येत. मुंबईच्या संपत्तीचा इतिहास व्यापाऱ्यांच्या नावांनी लिहिला गेला, तरी ग्रीनवरच्या गाठी उचलल्या त्या या हमालांनी, आणि त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत.

कापूस म्हणजे आगीची कायमची धास्ती. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी फोर्टमध्ये लागलेल्या मोठ्या आगीत देशी वस्तीचा मोठा भाग जळाला. त्या आगीनंतर तटाबाहेर नवी वस्ती वाढू लागली आणि दाट वस्तीत ज्वालाग्राही माल नको, हा विचार बळावला. अखेर १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला गेला. विसाव्या शतकात तो तिथूनही हलून शिवडीच्या बाजूला गेला आणि तिथल्या रेल्वे स्थानकाला कॉटन ग्रीन हे नाव मिळाले. मूळ ग्रीन फोर्टमध्ये राहिले, त्याचे नाव मात्र हार्बर मार्गावर पोचले.

टाउन हॉल : चौकाला चेहरा मिळतो

कापूस असतानाच या पटांगणाच्या पूर्व कडेला एक इमारत उभी राहत होती, आणि तिने जागेचा स्वभाव बदलला. सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ मध्ये बॉम्बे लिटररी सोसायटी स्थापन केली होती. ग्रंथालय, सभा आणि शहराचे समारंभ यांसाठी टाउन हॉल हवा, ही कल्पना याच वर्तुळातून पुढे आली. त्यासाठी लॉटरी काढण्यात आली, पण पैसे पुरले नाहीत आणि शेवटी बराचसा भार कंपनी सरकारने उचलला. कर्नल थॉमस काउपर या लष्करी अभियंत्याच्या आराखड्यानुसार काम होऊन १८३३ मध्ये इमारत पुरी झाली. समोर तीस पायऱ्या आणि त्यांवर डोरिक शैलीचे भव्य खांब. शेजारी, त्याच काळात, मेजर जॉन हॉकिन्सने बांधलेली टांकसाळ उभी राहिली. पटांगणाच्या एका कडेला आता ज्ञान आणि पैसा शेजारी-शेजारी होते, आणि ते शेजारपण आजही टिकून आहे.

टाउन हॉलचा महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासाशी असलेला संबंध पुरेसा सांगितला जात नाही. १८३० च्या दशकात एल्फिन्स्टन कॉलेजच्या प्राध्यापकांचे पहिले वर्ग इथेच भरले. मुंबई विद्यापीठाला स्वतःची वास्तू नव्हती, तेव्हा त्याचे सुरुवातीचे समारंभही इथेच झाले. रानडे आणि भांडारकर यांची पिढी घडली ती याच काळात. लिटररी सोसायटीतून वाढलेल्या एशियाटिक सोसायटीत पुढे भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी आणि पां. वा. काणे यांनी काम केले. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपातून काढलेले अवशेष याच संस्थेत आले. आतल्या दालनांत एल्फिन्स्टन, माल्कम अशा इंग्रज गव्हर्नरांच्या पुतळ्यांच्या रांगेत जगन्नाथ शंकरशेट यांचाही पुतळा आहे. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा या पायऱ्यांवरून वाचला गेला आणि कंपनीच्या राज्याची जागा राणीच्या राज्याने घेतली. म्हणजे एकाच इमारतीपुढे साम्राज्याची घोषणा झाली आणि त्याच इमारतीत त्या साम्राज्याला प्रश्न विचारणारी पिढी शिकली.

पटांगणावर तेव्हा लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळाही होता. लोक त्याला फुले वाहत, नमस्कार करत. सरकारने समजावून पाहिले, पण ही प्रथा सहज थांबली नाही. सत्ताधारी चौकात काहीही उभे करोत, त्याचा अर्थ तिथे येणारी माणसे आपल्या रीतीने लावतात, याचे हे उदाहरण आहे.

वडाखाली बसणाऱ्या शेअर दलालांचेही तसेच. १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाच्या सावलीत मूठभर दलाल जमत आणि शेअर्सचे सौदे करत. पुढे त्यांची संख्या वाढली, ते मेडोज स्ट्रीटच्या नाक्यावरच्या झाडांखाली गेले, १८७४ मध्ये आज दलाल स्ट्रीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर त्यांना कायमची जागा मिळाली आणि १८७५ मध्ये त्यांची संघटना रीतसर स्थापन झाली. देशातला पहिला शेअर बाजार सुरू झाला तो असा, कोणाच्या परवानगीने नव्हे तर सावली आणि वर्दळ या दोन कारणांनी.

वर्तुळ आखणारा सौदा

कापूस गेल्यावर ग्रीनला वाली उरला नाही. १८५० च्या दशकात ते धुळीचे, केरकचऱ्याचे आणि नारळाच्या करवंट्या टाकण्याचे ठिकाण झाले होते. मोकळ्या जागेच्या आयुष्यातला हा सर्वांत धोक्याचा क्षण असतो. जुना उपयोग संपलेला असतो, नवा ठरलेला नसतो आणि अशी जागा विकून टाकणे सर्वांना सोपे वाटते.

इथे चार्ल्स फोर्जेट याचे नाव घ्यावे लागते. देशी भाषा अस्खलित बोलणारा हा पोलिस अधिकारी १८५७ मधल्या मुंबईतल्या बंदोबस्तासाठी ओळखला जातो. ग्रीनचे वर्तुळ करावे, मध्ये बाग ठेवावी आणि कडेने एकसारख्या इमारती बांधाव्यात, ही सूचना त्याची. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि काही काळाने त्या पदावर आलेला सर बार्टल फ्रीअर या दोघांनी तिला पाठिंबा दिला. नगरपालिकेने जमीन घेतली, मधला भाग राखून ठेवला आणि कडेचे भूखंड व्यापारी पेढ्यांना विकले. या व्यवहारात पालिकेला नफा झाला.

वेळही जुळून आली होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा पूर लोटला. फ्रीअरने १८६० च्या दशकात फोर्टचे तट पाडायला काढले आणि गाव दोन्ही अंगांनी मोकळे झाले. त्याच काळात समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांत लोकांनी प्रचंड पैसा ओतला. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध थांबताच भाव कोसळले, अनेक पेढ्या आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली, आणि बॅकबे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांचे शेअर्स रद्दी झाले. ग्रीनवरचे हे वर्तुळ, म्हणजे लॉर्ड एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखले गेलेले एल्फिन्स्टन सर्कल, मात्र पुरे झाले. त्याचे कारण माझ्या मते त्या सौद्याच्या स्वरूपात आहे. इथे कागदावरची जमीन नव्हती, होती ती खरी जमीन, आणि ती विकत घेणाऱ्यांना तिथे खरोखर कचेऱ्या थाटायच्या होत्या.

जेम्स स्कॉट याच्या आराखड्याप्रमाणे उभ्या राहिलेल्या इमारतींची दर्शनी बाजू एकसारखी ठेवली गेली. खाली पादचाऱ्यांसाठी कमानींची ओसरी, कमानींच्या माथ्यावर दगडात कोरलेली दाढीवाली मुखे, वर इटालियन वळणाची नक्षी. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या अठराव्या शतकातील गोल आणि अर्धगोल वसाहतींचा हा वारसा. तिथे मात्र घरे होती, इथे कचेऱ्या आल्या. बाथमध्ये बर्फाळ वाऱ्यापासून आडोसा हवा असतो, इथल्या ओसऱ्यांनी ऊन आणि आषाढातला पाऊस अडवला. १८७२ पर्यंत मधली बाग पुरी झाली. जवळच, कॅथीड्रलच्या आवारात, कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी देणगी देऊन बसवलेले कारंजे आहे. त्याचे आरेखन जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशास्त्रज्ञाचे.

याच वर्षांत, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' छापले गेले, आणि १८८९ मध्ये आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' आला. शहर डोळ्यांदेखत बदलत असताना मराठी लेखकांनी त्याची नोंद ठेवली, ही आपल्या भाषेच्या अभिमानाची बाब आहे. मुंबईच्या इतिहासावर इंग्रजीत विपुल लिहिले गेले असले, तरी या दोन ग्रंथांशिवाय तो इतिहास अपुरा आहे.

हा चौक कोणाचा?

अभ्यासकांत या प्रश्नावर वेगवेगळी मते आहेत. वसाहतकाळातल्या इंग्रज लेखकांनी एल्फिन्स्टन सर्कलकडे सुधारणेचा विजय म्हणून पाहिले. मरिअम दोसल यांनी १८४५ ते १८७५ या काळातल्या मुंबईच्या नियोजनावर लिहिताना साम्राज्याच्या योजना आणि इथले वास्तव यांच्यातला ताण दाखवला. त्यांच्या मांडणीप्रमाणे आरोग्य, व्यापार आणि सत्ता यांची ओढाताण या शहराच्या प्रत्येक आखणीत दिसते. प्रीती चोप्रा यांनी ब्रिटिश मुंबई ही वसाहतवादी सरकार आणि देशी धनिक यांनी मिळून उभारली, असे म्हटले आहे.

हॉर्निमन सर्कलपुरते बोलायचे तर दोसल आणि चोप्रा यांची दोन्ही म्हणणी खरी आहेत, पण दोन्हींतून एक गट सुटतो. आखणी सरकारची होती, कडेच्या इमारती मोठ्या पेढ्यांच्या, कारंजे पारशी दात्याचे. पण चौक जिवंत ठेवला तो ज्यांच्या मालकीचे तिथे काहीच नव्हते त्यांनी. हमाल, दलाल, पुतळ्याला फुले वाहणारे, टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करणारे विद्यार्थी, दुपारी बागेत डबा उघडणारे कारकून. चौकाची मालकी कागदावर कडेच्या लोकांची आणि वापरात मधल्या लोकांची, हा तोल या जागेत दीर्घकाळ टिकला.

वर्तमानपत्रांनी या तोलाला आवाज दिला. १८२२ मध्ये फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केलेले 'मुंबई समाचार' आजही सुरू आहे. आशियातल्या अखंड चाललेल्या वृत्तपत्रांत ते सर्वांत जुने, आणि त्याची तांबडी इमारत याच वर्तुळात आहे. जवळच सर फिरोजशहा मेहता यांनी १९१३ मध्ये काढलेल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे कार्यालय होते. त्याचे संपादक बेंजामिन गाय हॉर्निमन. जालियनवाला बागेनंतरच्या दडपशाहीवर त्यांनी उघड लिहिले, आणि एप्रिल १९१९ मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केले. १९२६ मध्ये ते परतले आणि १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टन सर्कलला त्यांचे नाव दिले गेले. एका गव्हर्नरच्या जागी एका इंग्रज संपादकाचे नाव यावे, हा निवाडा विचारी होता. माणूस कोणत्या देशाचा, यापेक्षा तो कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे त्यात मोजले गेले. चौकातले कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली या इंग्रज सत्ताधाऱ्यांचे पुतळे भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात गेले.

आणीबाणीच्या काळात याच टाउन हॉलमध्ये बसून लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या दुर्गा भागवत यांनी सरकारविरोधात निर्भयपणे आवाज उठवला आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. हॉर्निमन आणि दुर्गाबाई या दोघांचे या एकाच परिसराशी असलेले नाते मराठी वाचकाने लक्षात ठेवावे.

आजची स्थिती आणि तीन धोके

टाउन हॉलमध्ये आज एशियाटिक सोसायटीबरोबर राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्यानुसार देशात प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांत जमा व्हावी लागते, त्यांतले हे एक. समोर रिझर्व्ह बँक, शेजारी टांकसाळ आणि काही मिनिटांवर शेअर बाजार. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली आली, देशातल्या अशा पहिल्या नियमावलींपैकी ती एक, आणि फोर्ट परिसराला संरक्षण मिळाले. कॅथीड्रलच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारही मिळाला. बागेत संगीताच्या आणि कलेच्या महोत्सवांनी नव्या पिढीला इथे आणले. हे सगळे जमेचे.

धोके तीन दिसतात. पहिला, देखभालीचा. भाडेनियंत्रण कायद्यामुळे अनेक जुन्या इमारतींचे भाडे दशकानुदशके नाममात्र राहिले, त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूला ती आपली जबाबदारी वाटत नाही. एकसारखी दर्शनी बाजू हा या वर्तुळाचा प्राण. एका इमारतीची कमान फलकाखाली झाकली, एका गॅलरीत वातानुकूलन यंत्रांची रांग लागली, तरी सगळे कडे बिघडते. दुसरा धोका रिकामेपणाचा. कचेऱ्या बांद्रा-कुर्ला संकुलाकडे आणि उपनगरांकडे सरकल्यापासून फोर्ट संध्याकाळी लवकर ओस पडतो. महागड्या विदेशी वस्तूंच्या दुकानांमुळे काही इमारतींची डागडुजी झाली हे खरे, पण चौक फक्त खरेदीदारांचा होऊन चालणार नाही. तिसरा धोका विस्मरणाचा. इथल्या बहुतेक वाटसरूंना आपण कापसाच्या बाजारात, शेअर बाजाराच्या जन्मस्थळी आणि मुंबईच्या शून्य बिंदूपाशी उभे आहोत, हे कोणी सांगत नाही.

निष्कर्ष

साडेतीनशे वर्षांचा हा पट पाहिला तर एक गोष्ट ठळक होते. ही जागा एकदा आखून टिकली नाही. दर पिढीला तिचा नवा उपयोग सापडला आणि कसोटीच्या क्षणी नगरपालिकेने मध्यभाग विकायचा नाही असे ठरवले, म्हणून ती टिकली. १८६० च्या दशकातल्या त्या सौद्याला आजच्या भाषेत सार्वजनिक हिताचे नियोजन म्हणता येईल. कडेच्या जमिनीच्या किमतीतून मधल्या मोकळ्या जागेचा खर्च निघाला आणि मधल्या मोकळ्या जागेमुळे कडेची किंमत वाढली. गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न आला तेव्हा मुंबईने हे गणित विसरून दाखवले, आणि त्याचे परिणाम परळ-लोअर परळच्या गर्दीत आज रोज भोगावे लागतात. बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोठ्या जमिनींचा विचार होईल तेव्हा तरी हॉर्निमन सर्कलचा दाखला समोर ठेवला पाहिजे.

मुंबई महापालिकेने या वर्तुळाच्या दर्शनी बाजूंसाठी एकत्र दुरुस्ती योजना करावी, बाग संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी ठेवावी आणि प्रत्येक टप्प्याचा इतिहास मराठीत सांगणारे फलक लावावेत. आणि वाचकांना एक विनंती : फोर्टमध्ये गेलात तर टाउन हॉलच्या पायऱ्यांवर छायाचित्र काढून परत फिरू नका. त्या तीस पायऱ्या चढा, ग्रंथालयात जा, सभासद व्हा. ज्या मोकळ्या जागेला रोजचा वापर असतो तिच्यावर हात टाकणे कोणालाही अवघड जाते, आणि हा वापर आपल्या हातात आहे.